गर्डरखालचं जेवण

मी पत्रकं लिहायची आणि बाबा गर्डर बसवायचे, आणि दोघांनाही पक्कं वाटायचं की या घरात खरं काम आपलंच आहे. तेहतिसाव्या वर्षी आत्मकथन लिहायला बसणं हा आगाऊपणा आहे, हे मला सांगून झालं आहे, एकदा नाही, बरेचदा. म्हातारपणी लिही म्हणतात. म्हातारपणी माणसं आठवतील, लोखंडाची जाडी आठवणार नाही. मला अजून दोन्ही आठवतं, म्हणून आत्ताच लिहिते.

बाबांचं फॅब्रिकेशनचं दुकान कारंज्याला हायवेच्या कडेला, एका ढाब्याच्या पाठीला पाठ लावून होतं. घर तिथून चार किलोमीटर आत, गावात. नामदेव मिस्त्री म्हटलं की आर्वीपासून आष्टीपर्यंतचे लोक ओळखायचे, कारण ट्रकचे फाळके, गोठ्यांचे शेड, कापसाच्या जिनिंगमधले माळे, असलं सगळं त्यांच्या हातचं. दिवसभर ग्राइंडर चालायचा, त्यामुळे बाबा घरी आले तरी मोठ्यानं बोलायचे आणि माय त्यांना हातानंच ‘हळू’ अशी खूण करायची. त्यांच्या अंगाला जळलेल्या लोखंडाचा वास असे. तो वास मायच्या भाकरीच्या वासात असा मिसळून गेला होता की आजही कुठं वेल्डिंग चाललेलं दिसलं की मला भूक लागते. नवीन गर्डर आला की बाबा आधी त्याच्यावर हातोडीनं एक टोला मारायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. सोनार नाणं वाजवून ऐकतो तसे. मग म्हणायचे, चांगला आहे, नाही तर तो तसाच परत पाठवायचे.

त्यांच्या धंद्यात एक रीत होती, ती त्यांच्या उस्तादानं घालून दिलेली. ज्या दिवशी गर्डरवर पहिल्यांदा भार चढतो, त्या दिवशी ज्यानं तो बसवला त्यानं त्याच्या खाली, बरोबर मधोमध, बसून जेवायचं. वर पोती चढत असतात, टाकी भरत असते, हमाल धडाधडा पाय आपटत असतात आणि खाली मिस्त्री भाकर मोडतो. गर्डरच्या खालून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणून दोरा बांधलेला असायचा, आणि दोरा आणि लोखंड यांच्या फटीत विडीच्या बंडलाच्या कागदाची घडी. जेवण झालं की बाबा उठून ती घडी ओढायचे. सहज निघाली तर गर्डर झुकला नाही. अडकली तर झुकला, मग काम पुन्हा. या जेवणाला माय नेहमी एकच द्यायची: ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत, वर कच्चं तेल ओतलेला मिरचीचा ठेचा. ती म्हणायची, तिखट असलं की माणूस वर बघत नाही.

डबा पोचवायचं काम माझं. पण मला आत जायची परवानगी नसे. बाबा खडूनं जमिनीवर रेघ मारून ठेवायचे, भिंतीपासून हातभर, आणि मी त्या रेघेच्या अलीकडून डबा सरकवायचा. मी रेघेवर उभी राहून किती गर्डर पाहिले असतील, कुणास ठाऊक. बाबा एकटे, मांडी घालून, पाठ ताठ, आणि वर धुळीचा पाऊस. सहावी-सातवीपर्यंत मला ते फार शूर वाटायचं. पुढे कॉलेजात जाऊन चार पुस्तकं वाचली, मोर्चात उभी राहिले, पत्रक लिहायला शिकले, आणि मला ते मूर्खपणाचं वाटायला लागलं. मी त्यांना सरळ विचारलं होतं, जेवल्यानं लोखंडाची ताकद वाढते का? बाबा चिडले नाहीत.

“लोखंडाची नाई वाढत. पण मले मालूम राह्यते ना, का खाली मीच बसाचं हाय. मंग वेल्डिंग करतानी हात घाई करत नाई.”

मी यावर काहीतरी अंधश्रद्धेबद्दल बोलले. त्यांनी माझं त्या आठवड्याचं पत्रक घेतलं आणि हाताचं ग्रीस पुसलं. माझी पत्रकं त्यांना त्या कामाला फार आवडायची. कागद चांगला आहे, म्हणायचे, ग्रीस पटकन धरतो.

आता त्या पत्रकांबद्दल. आमच्या गावात पोलीस भरतीची, तलाठ्याची, नर्सिंगची तयारी करणाऱ्या मुली होत्या आणि त्यांना बसायला जागा नव्हती. मुलं वर्ध्याला खोली करून राहायची, नाही तर देवळाच्या ओट्यावर बसायची. मुलींनी कुठं बसायचं? घरात टीव्ही, चूल, पाहुणे आणि दर दहा मिनिटांनी ‘जरा पानी दे’. मी, माझी मैत्रीण मंदा आणि आणखी तिघी, अशा आम्ही पाच जणी. मंदा माझ्यापेक्षा कमी बोलायची आणि दुप्पट काम करायची. आम्ही मुलींच्या अभ्यासिकेची मागणी केली. पहिल्या ग्रामसभेत हसले. दुसऱ्या सभेत एकानं विचारलं, पोरी शिकून कलेक्टर होतील तर गावात सैपाक कोन करन. तिसऱ्या सभेला आम्ही सतरंज्या घेऊन गेलो, मधोमध बसलो आणि सगळ्या जणींनी आपापलं पुस्तक मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. कुणी इतिहास, कुणी गणित, कुणी शरीरशास्त्र. सभेत दुसऱ्या कुणाचं काही ऐकू येईना. तासाभरानं सरपंचभाऊंनी हात जोडले आणि ठराव झाला की समाजमंदिराच्या हॉलवर माळा घालून तिथं अभ्यासिका करायची. ते पत्रक मी आजही जपून ठेवलं आहे. त्यात मी ‘विजय’ हा शब्द नऊ वेळा वापरला आहे.

माळ्याचं काम बाबांकडेच आलं, दुसरं कुणाकडे जाणार? समाजमंदिराचा तो हॉल म्हणजे गावाचा जीव. लग्नं तिथं, पंगती तिथं, तेरवीही तिथंच. सरपंचभाऊंनी एकच अट घातली की मधे खांब नको, पंगत मोडते. बाबांनी विचारलं, वर काय राहील? ते म्हणाले, चाळीस पोट्ट्या आणि सतरंज्या. बाबांनी आठ इंची गर्डर आणला, टोला मारून ऐकला, आणि वीस फूट अंतरावरच्या दोन भिंतींवर तो असा बसवला की खालून पाहिलं तर डोळा कुठं अडत नव्हता. एवढा मोठा हॉल आणि मधे एक खांब नाही. त्यांना त्याचा इतका अभिमान होता की कारंज्याच्या दुकानात गिऱ्हाईक आलं तरी ते सांगायचे, एकदा गावाले येजो, आमचा हॉल पाहजो. चहा माह्याकडून.

इकडे मी स्वस्थ बसणारी नव्हते. अभ्यासिका म्हणजे पुस्तकं हवीत. मी पत्रक काढलं, घराघरातून एक पुस्तक मागितलं, आणि लोकांनी मात्र पोत्यानं दिली. आष्टीच्या एका निवृत्त गुरुजींनी त्यांचे जुन्या मासिकांचे बांधीव अंक दिले. आंजीच्या एका बाईंनी नवऱ्याची सगळी कायद्याची पुस्तकं दिली आणि वर म्हणाल्या की आता भिंतीला रंग तरी देता येईल. स्पर्धा परीक्षेचे जाडजूड ठोकळे, शब्दकोश, नकाशे, गाईड. जवळजवळ सहा हजार पुस्तकं जमली. मी तो आकडा प्रत्येकाला सांगत सुटले होते. पुस्तकं ठेवायला जागा नव्हती म्हणून कापसाचे व्यापारी काकाजी यांनी त्यांच्या गोदामाचा एक कोपरा दिला. वर माळ्यावर रॅक कुठं लावायच्या ते मीच ठरवलं: भिंतीला खिडक्या आहेत, उजेडाची जागा मुलींना बसायला, म्हणून रॅक मधोमध, पाठीला पाठ लावून. कागदावर फार सुंदर दिसत होतं.

मी तेव्हा वर्ध्याला सिव्हिलच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते, होस्टेलवर राहायची, शनिवारी एसटीनं घरी यायची. उद्घाटनाला दहा-बारा दिवस होते. वर्गात मॅडम पोलादी तुळईचा सुरक्षित भार कसा काढायचा ते शिकवत होत्या. आणि मला वाटलं, आपण बाबांच्या गर्डरचाच हिशेब करू. हे मी बाबांची चूक पकडायला केलं नाही, उलट मला तो आकडा उद्घाटनाच्या पत्रकात छापायचा होता. आयुष्यात पहिल्यांदा बाबांच्या कामावर पत्रक निघणार होतं. मी शनिवारी कॉलेजचा कॅलिपर घेऊन शिडीवर चढले, गर्डरची उंची मोजली, वरच्या-खालच्या पट्टीची जाडी मोजली, मधल्या पाट्याची जाडी मोजली, आणि स्टील टेबलच्या पुस्तकातल्या ओळीशी जुळवली. माल अस्सल निघाला, एक मिलिमीटरही हलका नाही. हातोडीच्या एका टोल्यात बाबांनी जे ऐकलं होतं तेच पुस्तकात छापलेलं होतं. मला शिडीवरच हसू आलं.

हिशेब तसा सोपा असतो, लोक उगाच घाबरतात. गर्डरच्या आकारावरून एक आकडा मिळतो, लोखंडाला किती ताण सुरक्षितपणे द्यायचा तो दुसरा आकडा, आणि दोन भिंतींमधलं अंतर हा तिसरा. अंतर वाढलं की ताकद घटते. सगळीकडे सारखा पसरलेला भार धरला तर त्या गर्डरला पाच टन सुरक्षित होते. झुकण्याचा हिशेब वेगळा आणि जास्त कडक, तो तीन टनांवर थांबत होता. त्याच्यावर गेलं तर मोडत नाही पण पाळण्यासारखं हलायला लागतं. माळ्याचा जाड पत्रा, अँगल आणि गर्डरचं स्वतःचं वजन मिळून नऊ क्विंटल. चाळीस मुली, प्रत्येकी पन्नास किलो, सगळ्या मधल्या पट्ट्यातच बसल्या असं वाईटात वाईट धरून दोन टन. बेरीज तीन टनांच्या आत, अगदी काठाला. बाबांनी एकही आकडा न लिहिता काठ बरोबर पकडला होता. मी वहीत त्या उत्तराभोवती दोनदा चौकट काढली.

दुसऱ्या दिवशी काकाजींच्या गोदामात मंदा एक पोतं ओढत होती. पोतं हलेना. मंदा घरच्या शेतात कापसाची गाठोडी पाठीवर घेणारी मुलगी, तिच्यानं हलेना. ती वैतागून म्हणाली, “वैशू, काय दगडं भरले का व याच्यात?” आणि मी जागच्या जागी थंड पडले. मुली मोजल्या होत्या. पुस्तकं मोजली होती, सहा हजार, अभिमानानं. तोलली नव्हती. आयुष्यभर कागद वाटत फिरलेली मी, माझ्या डोक्यात कागदाला वजन नव्हतंच.

काकाजींचा काटा कापूस मोजायचा, मोठा, इलेक्ट्रॉनिक. मी म्हटलं, सगळी पोती चढवायची. काकाजींनी चष्मा वर केला. त्यांची चार पिढ्यांची पेढी वर्ध्यातच, पण बोलायचे अर्धं हिंदी. “बेटा, कापूस तोलतात भाव काढाले. किताबांचा भाव कोन देणार तुले?” पण काटा चालू करून दिला, वर स्वतः पाटीवर लिहीत बसले. चोवीस क्विंटल भरली. लोखंडी रॅक तीन क्विंटल. मी तिथंच, कापसाच्या पाटीवर, बेरीज केली: माळा आणि मुली धरून साडेपाच टनांच्या वर. मोडण्याची सुरक्षित हद्द पाच. आणि ते सगळं वजन मी मधोमध लावणार होते, जिथं गर्डरला सगळ्यात जास्त त्रास होतो. काकाजींनी आकडे पाहिले आणि पाटी मला घरी न्यायला दिली.

मी ती पाटी घेऊन बाबांच्या दुकानात गेले. रस्त्यात मी तीन वेगवेगळी भाषणं तयार केली होती आणि तिन्हींत दोष दुसऱ्याचा होता. सरपंचांनी नीट सांगितलं नाही. इस्टिमेटवर सही करणारा साहेब माळा बघायलाही आला नाही. गावातल्या मुलींच्या कामाला हिशेबाचा कागद कशाला, असंच सगळ्यांना वाटलं. यातलं सगळं खरं होतं, आजही मी ते कुणाच्याही तोंडावर म्हणेन. पण बाबांनी ग्राइंडर बंद केला, गॉगल कपाळावर चढवला आणि माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मला एवढंच सांगता आलं की रॅक मधे लावायचं मी ठरवलं आणि पुस्तकांचं वजन मी धरलं नाही.

त्यांनी पाटी हातात घेतली. त्यांना सूत्रं वाचता येत नव्हती, पण क्विंटल वाचता येत होते. ढाब्यावर कुणीतरी ट्रकचा हॉर्न वाजवत होतं. मग ते दुकानातल्या खाटेजवळ गेले, काठाला बसले, मग सरकून मधे बसले, आणि दोरीचा झोळ किती खाली गेला ते हातानं चाचपून पाहिलं.

“मी इचारलं होतं वर काय राह्यन म्हणून,” ते म्हणाले. “सतरंज्या सांगतल्या मले.”

“पुस्तकं मी नंतर जमवली, बाबा.”

“तुह्यं पुस्तक काय म्हंते? स्टीलवालं.”

मी सांगितलं की दोनच रस्ते आहेत. एक तर निम्म्याहून जास्त पुस्तकं वर न्यायची नाहीत, उरलेली भिंतीकडेला लावायची. नाही तर गर्डरच्या बरोबर मधे खालून खांब द्यायचा. अंतर निम्मं होतं आणि ताकद चौपट. मी लगेच म्हटलं की आपण रॅक भिंतीला लावू, खिडक्या झाकल्या तर झाकल्या. खांबाचं नाव काढायची माझी हिंमत नव्हती, मला माहीत होतं की तो बिनखांबाचा हॉल त्यांना केवढा प्यारा आहे. बाबांनी नकारार्थी मान हलवली. म्हणाले, “आज भिंतीले लावशीन. उद्या झाडू माराले कोनी सरकवन, परवा कोनी उजेड पायजे म्हनून मधात आनन. तू काय रोज पहारा देशीन? लोकं सामान सरकवतेच, बाई.” आणि गॉगल पुन्हा डोळ्यांवर घेतला. खांब, त्यांनी ठरवून टाकलं होतं.

आजकाल मी जिल्ह्यात शाळांचे सज्जे, पाण्याच्या टाक्यांचे मचाण, मंगल कार्यालयांचे माळे बघत फिरते, आणि प्रत्येक ठिकाणी भाराचा आकडा लिहा म्हणून भांडते. साहेब लोक मला सांगतात, मॅडम, एवढी काळजी कशाला, मजबूत आहे, दिसतंच आहे. मला त्या वेळी हमखास खाटेवर मधे सरकून बसलेले बाबा आठवतात. त्यांना जे दिसत होतं, ते त्यांनी बसून पाहिलं. साहेबांना खाटेवर बसायचीही लाज वाटते.

सभा पुन्हा समाजमंदिरातच झाली. सरपंचभाऊंच्या पुतणीचं लग्न महिन्यावर होतं आणि खांब म्हटल्यावर हॉल नुसता उसळला. पंगत कशी बसवायची, वाढपी कुठून जाणार, फोटो काढला तर नवरानवरीच्या मधात खांब येईन. मागून कोणीतरी टोमणा मारला की कागदाचं कधी वजन असते काय व, इतके वर्षं पत्रकं फेकून राह्यली, एखादंही डोक्यात पडून कोनाले लागलं नाई. सगळे हसले. पूर्वीची मी असते तर उभी राहून दहा मिनिटं बोलले असते. मी मंदाला खूण केली. तिनं आणि आणखी दोघींनी मिळून एक पोतं ओढत आणलं आणि त्या माणसापुढं ठेवलं. उचल म्हटलं. त्यानं एका हातानं धरलं, मग दोन्ही हातांनी, मग कंबर धरून बसला. हसू त्याच्याकडे वळलं. तेव्हा मी बोलले, फक्त दोन वाक्यं. चूक माझी आहे, मी वजन धरलं नाही. आणि ज्या माळ्याखाली तुमच्या लेकीचं लग्न लागणार आहे, त्याच्या बाबतीत मला अंदाज नको, हिशेब हवा आहे.

सरपंचभाऊ बाबांकडे वळले. “नामदेवभाऊ, तुम्हीच तर सांगत होते, खांब नाई म्हनून. आता पंगतीचं काय?”

“पंगत वळसा घालन,” बाबा म्हणाले. “गर्डर वळसा घालत नाई.”

खांब नुसता उभा करून चालत नाही. आमची माती काळी, कापसाची. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगून उठते, वरचं सगळं उचलून धरते. त्या मातीवर टेकलेला खांब दर पावसाळ्यात गर्डरला खालून ढुशी देणार. म्हणून मुरूम लागेपर्यंत खणायचं. साडेपाच फुटांवर लागला. आम्ही पाचही जणी घमेली उचलत होतो आणि येणारे-जाणारे विचारत होते की अभ्यासिका खाली बांधता का वर. उद्घाटन तीन आठवडे पुढं गेलं, मी छापलेली पत्रकं वाया गेली, तारीख चुकलेली. मी खांबाचा, खालच्या पायाचा, गर्डरच्या जोडाचा, सगळा हिशेब नव्यानं केला आणि मॅडमना दाखवला. त्यांनी दोन ठिकाणी लाल शाईनं दुरुस्त केलं आणि शेवटी बरोबरची खूण केली. कागदावर गर्डरला वीस टन निघत होते. मी माळ्याचा पत्रा, खांबाखालची माती आणि लोकांचा स्वभाव धरून आठच लिहायचे ठरवले. बाबांनी स्वतः ब्रशनं, पांढऱ्या ऑइलपेंटनं, गर्डरच्या पोटावर ते लिहिलं: सुरक्षित भार आठ टन, जास्त ठेवू नये. अक्षर थोडं वाकडं आलं आहे, ‘क्ष’ त्यांना कधीच जमला नाही. मी इतकी पत्रकं लिहिली, एवढं छोटं एकही नाही, आणि गावानं पाळलेलंही तेवढं एकच.

पंगतीचं काय झालं ते इथंच सांगून टाकते, कारण पुढं विसरेन. पुतणीच्या लग्नात पहिल्याच पंगतीला एक म्हातारे आजोबा खांबाला पाठ लावून बसले आणि आरामात दीड तास जेवले. तेव्हापासून ती जागा मानाची. आता लग्नात जावई आणि मामा खांबाच्या जागेवरून रुसतात, आणि सरपंचभाऊ मला तोंडावर सांगतात की बाकीच्या बाजूंनाही दोन-तीन खांब दिले असते तर बरं झालं असतं.

भार चढवायचा दिवस मात्र त्याच्या आधीचा, सकाळचा. काकाजींच्या गोदामातून ट्रॅक्टरनं पुस्तकं आली. मी वर जाऊन रॅक लावणार होते. बाबांनी खाली रेघ मारली, दोरा ताणून बांधला, आणि खिशात विड्यांचं बंडल शोधलं. मायनं त्यांना विड्या सोडायला लावून वर्ष झालं होतं, कागद कुठून असणार? मग त्यांनी कोपऱ्यातल्या गठ्ठ्यातून माझं एक चुकलेल्या तारखेचं पत्रक काढलं, घडी केली, आणि खांब आणि भिंत यांच्या मधोमध, जिथं आता गर्डर झुकला असता तर झुकला असता, तिथं फटीत सरकवलं. मग सतरंजी अंथरली, आणि मला म्हणाले,

“तू कुठं चालली? इथं बस.”

मी म्हटलं, वर काम आहे.

“वर मंदा हाय. गर्डर मी बसवला, आकडा तू काढला. रीत दोघाले लागते.”

मी रेघ ओलांडली. हिशेब पाठ होता, मॅडमची खूण होती, चौपट सुरक्षित, तरी वर पहिली रॅक धाडकन टेकली तेव्हा माझी मान खांद्यात गेली. धूळ पडली. बाबा मांडी घालून बसले होते, पाठ ताठ, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मी मान वर काढली. माझ्या डोक्यावर तो वाकडा ‘क्ष’ होता. त्या दिवशी मला कळलं की हात घाई करत नाही म्हणजे काय, आणि त्यानंतर मी कुठल्याही हिशेबाखाली सही करताना आधी त्या सतरंजीवर जाऊन बसते, मनात का होईना.

डबा घेऊन माय आली. ती कधी येत नसे. मी डबा न्यायची म्हणून तिला यावं लागत नसे. ती रेघेशी थांबली, जिथं मी इतकी वर्षं थांबत होते. डबा सरकवला. बाबांनी घेतला. ती परत जाईल असं वाटलं. वर मुलींनी माळ्यावर पोती टाकायला सुरुवात केली होती, धपाधप आवाज येत होते, मंदा वरून ओरडून आकडे सांगत होती. मायनं एकदा वर पाहिलं, एकदा आम्हा दोघांकडे, मग लुगड्याचा काठ आवरला आणि रेघ ओलांडून आत आली.

“दोघंबी इथंच बसान, तं मी घरी कोनासाठी भाकरी करू?” असं म्हणून ती माझ्या शेजारी बसली आणि वाढायला लागली.

ठेचा नेहमीसारखाच जळजळीत होता. आम्ही तिघांनी हळूहळू जेवण केलं. कायद्याची पुस्तकं चढली, गुरुजींचे बांधीव अंक चढले, शब्दकोश चढले. मग बाबांनी आवाज दिला आणि चाळीसही मुली वर गेल्या, बाबांनीच सांगितलं होतं म्हणून मधल्या पट्ट्यात उभ्या राहिल्या, आणि कुणी न सांगता त्यांनी उड्या मारायला सुरुवात केली. हॉल दणाणला. मायनं विचारलं, ते वर काय लिहिलं आहे. बाबा ग्राइंडरच्या सवयीनं मोठ्यानं बोलायचे, पण हे त्यांनी मुद्दाम मोठ्यानं सांगितलं, दारात उभ्या असलेल्या सरपंचभाऊंना आणि काकाजींना ऐकू जाईल असं. “आठ टन. माह्या पोरीनं काढला.”

जेवण झाल्यावर ते उठले, हात धुतले, शिडीवर चढले. वर उड्या चालूच होत्या. त्यांनी दोन बोटांनी पत्रकाची घडी धरली आणि ओढली. ती अलगद निघाली. ते शिडीवरून उतरले, त्यांच्या मनगटाला दुकानातल्या शिडीचं ग्रीस लागलेलं होतं. मी वाट पाहत होते. त्यांनी ते मनगट पँटीला पुसलं, आणि पत्रकाची घडी शर्टाच्या वरच्या खिशात ठेवून बटण लावलं.